तिसऱ्या उन्हाळ्यातली गच्ची : इंदूरच्या हरित इमारती उभारणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
इंदूरमध्ये हरित प्रमाणपत्राच्या व्यापारी इमारती बांधणारे बिल्डर, आर्किटेक्ट आणि ग्रीन बिल्डिंग कन्सल्टंट यांस,

सप्रेम नमस्कार.

लॉबीत प्रमाणपत्राची पाटी लागते, फोटो निघतात, आणि आपली मंडळी सुपर कॉरिडॉरवरच्या किंवा बायपासवरच्या पुढच्या साइटवर निघून जातात. त्यात गैर काही नाही, धंदाच तसा आहे. पण इमारत मग आमच्या हातात येते. आम्ही म्हणजे देखभाल करणारे. चिलर, लिफ्ट, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), टाक्या आणि सगळ्यात वर गच्ची. भाडेकरू एसी लागत नाही म्हणून फोन करतात तो आम्हाला, आणि जुलैत फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटला की शिडी घेऊन चढतो तेही आम्हीच. म्हणून छताच्या साहित्याबद्दल चार गोष्टी लिहितो आहे. मुद्दा खरं तर एकच आहे : साहित्य निवडताना आपण हँडओव्हरच्या दिवसाचा आकडा बघता आणि आम्ही तिसऱ्या उन्हाळ्याच्या आकड्यात राहतो.

पांढऱ्या कोटिंगपासूनच सुरुवात करतो, कारण गच्चीचा विषय निघाला की कन्सल्टंटच्या फाइलमध्ये पहिलं पान त्याचंच असतं. त्यावर एसआरआय नावाचा आकडा असतो. सूर्यप्रकाश किती परत फेकला जातो आणि शोषलेली उष्णता किती सहज बाहेर टाकली जाते, या दोन्हींची मिळून ती गुणपत्रिका. ठरावीक काळ्या नमुन्याला 0, ठरावीक पांढऱ्याला 100. लीड या अमेरिकी हरित प्रमाणपत्राच्या चौथ्या आवृत्तीत सपाट छतासाठी दोन आकडे दिले आहेत. नवं असताना 82, तीन वर्षं उघड्यावर राहिल्यावर 64. नियम म्हणतो, तीन वर्षांनंतरचा आकडा गाठा. पण त्याच्याच पुढे सोय आहे : तो आकडा उपलब्ध नसेल तर नव्या मालाचा चालेल. आता सांगा, तीन वर्षांनी आपला रंग कसा दिसतो हे स्वतःहून छापायला कोणता उत्पादक उत्सुक असेल? आपणही तो मागत नाही. ब्रोशरवर 100 च्या वरचा एसआरआय झळकतो, गुण मिळतात, विषय संपतो.

मालव्यात काय होतं ते गच्चीवर राहणाऱ्याला विचारा. इथे पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पुढचे आठ महिने आकाशातून पाणी जवळजवळ येत नाही, धूळ मात्र रोज येते. चहूबाजूंनी खोदकाम चालू, उन्हाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा, आणि शेतांतली ती बारीक काळी माती. पावसाळ्यात पाणी साचलं तर शेवाळ धरतं आणि वाळून काळं पडतं. 0.8 परावर्तनाचा रंग दोन-तीन वर्षांत 0.6 च्या आसपास येणं हा काही अपघात नव्हे, तो त्याचा स्वभावच आहे. पांढरा रंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो धुवावा लागतो, दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि हा खर्च कुणाच्या बजेटमध्ये आहे हे हँडओव्हरच्या कागदांत लिहिलेलं नसतं, एवढंच म्हणतो.

धुवायला पाणी लागतं, आणि इंदूरला पाणी म्हणजे नर्मदा. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, विंध्याची चढण चढवत पंपांनी आणलेली. त्या पंपांची वीज इतकी महाग पडते की महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढून जलूदजवळ 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. या शहरात नळाचं पाणी गच्चीवर ओतणं म्हणजे वीजच ओतणं आहे. हे लक्षात ठेवा, हिरव्या गच्चीपाशी आलो की पुन्हा कामाला येईल.

आता रंगाच्या खालचं बघू, कारण खरी कमाई तिथे आहे. सहा इंची उघड्या आरसीसी स्लॅबचा यू-व्हॅल्यू साधारण साडेतीन येतो. म्हणजे वरच्या उन्हाचा आणि आतल्या हवेचा फरक एक अंश असेल तर दर चौरस मीटरमधून साडेतीन वॉट उष्णता आत येते. ढोबळ हिशेब करा : हजार चौरस मीटर छत, फरक 30 अंश. एकशे पाच किलोवॉट. एसीच्या भाषेत तीस टन, तेही नुसत्या छतासाठी. माणसं, दिवे, काचा वेगळ्या. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने 2017 मध्ये बहुतेक व्यापारी इमारतींच्या छतासाठी यू-व्हॅल्यूची मर्यादा 0.33 ठेवली. तोच हिशेब या आकड्याने केला तर दहा किलोवॉट होतात, तीन टनांच्याही आत. नुसत्या पांढऱ्या रंगाने फरक 30 वरून 15 अंशांवर आला असं उदारपणे धरलं तरी उघड्या स्लॅबला पंधरा टन राहतातच, आणि रंग मळला की आकडा पुन्हा वर सरकतो. इन्सुलेशन मळत नाही.

0.33 गाठायला एक्सपीएसचे (कडक पॉलिस्टायरीन फोमचे) बोर्ड साधारण 80 मिलिमीटर जाडीचे लागतात, पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम असेल तर 60-65. साइटवर मी 50 पाहिले आहेत, 40 पाहिले आहेत आणि एका ठिकाणी 'ड्रॉइंगमध्ये आहे' एवढंच उत्तर मिळालं. स्क्रीडखाली, म्हणजे वरच्या सिमेंटच्या थराखाली, गाडल्यावर जाडी कोण मोजणार! म्हणून विनंती आहे की बोर्ड अंथरल्यावर, स्क्रीड टाकण्याआधी, टेप लावून काढलेले फोटो फाइलमध्ये ठेवा. याला पैसे लागत नाहीत.

आणि इन्सुलेशन स्लॅबच्या वर हवं. खालून चिकटवलेलं स्वस्त पडतं, कामही लवकर उरकतं, मॉलमध्ये ते सर्रास दिसतं. पण मग स्लॅब स्वतः उन्हात उघडीच राहते. मे महिन्यात दिवसा पारा 40 च्या वर, गडद पृष्ठभाग 60 च्या घरात, पहाटे सगळं गार. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे मिलिमीटरच्या एकशतांश भागाने ताणतं. 40 मीटर लांब स्लॅब 30 अंशांच्या फरकाने 12 मिलिमीटर लांबते आणि आखडते, तीही रोज. वाटा (गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावा) तिथेच सुटतो, कठड्याच्या मुळाशी तडा तिथेच जातो, आणि जुलैत पाणी तिथूनच शिरतं. मग वॉटरप्रूफिंगवाल्याला दोष. खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, त्यावर संरक्षक थर अशी उलटी रचना केली तर मेंब्रेनवर, म्हणजे वॉटरप्रूफिंगच्या चादरीवर, ऊन पडत नाही आणि स्लॅबही शांत राहते. छताचं आयुष्य वाढवणं यापेक्षा मोठा टिकाऊपणा कोणता? दर दहा-बारा वर्षांनी उखडून ट्रकभर डांबरी मेंब्रेन मलब्यात जाणार असेल, तर त्यातल्या पुनर्वापरित मालाच्या टक्क्यांचे गुण घेऊन काय करायचं?

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलायचं आहे. ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या जाड थरावर) इथल्या मिस्त्रींचा विश्वास आहे आणि तो काही उगीच नाही. ढाळ उत्तम निघतो, चालायला पक्का, दुरुस्ती कुणीही करतो. पण चार-पाच इंच कोबा म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वजन, आणि त्याने यू-व्हॅल्यू साडेतीनवरून जेमतेम अडीचच्या आत येतो. तेवढं काम अर्धा-एक सेंटिमीटर एक्सपीएस करतो, तोही अर्ध्या किलोच्या आत. वरचं दोनशे किलोचं ओझं पेलायला खालच्या बीममध्ये आणि कॉलममध्ये सिमेंट-लोखंड वाढतं, त्याचा कार्बन कुणी छताच्या खात्यात लिहीत नाही. तेव्हा कोबा उष्णतेसाठी म्हणून विकू नका. ढाळासाठी हवा तेवढाच पातळ घ्या, शंभराला एक असा.

चायना मोझेकचा मात्र मी पक्षपाती आहे. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, पांढऱ्या सिमेंटात दाबून बसवलेले. माल टाकाऊ, कारागीर गावातले, पृष्ठभाग गुळगुळीत. शेवाळ कमी धरतं, झाडूने धूळ निघते, आणि पाच वर्षांनी पुसून घेतलं तर पुन्हा पांढरं. रंगाला हे जमत नाही. सांधे मात्र भरून घ्यावे लागतात आणि पावसात निसरडं होतं हेही खरं. मॉडर्न दिसत नाही म्हणून आर्किटेक्ट नाक मुरडतात. दहाव्या मजल्यावरची गच्ची बघायला येतं कोण? आम्हीच.

पत्र्याच्या छताकडे वळतो. ज्या इमारतींत छत हेच सर्वस्व असतं, त्या बहुतेक पत्र्याच्या असतात : देवास नाक्याची गोदामं, सांवेर रोडचे शेड, पीथमपूरचे कारखाने, एकमजली सुपरमार्केट. दहा मजली काचेच्या टॉवरमध्ये छताचा वाटा फक्त वरच्या मजल्यापुरता. तिथे आधी पश्चिमेच्या काचेकडे बघा, हे मी छतावर पत्र लिहीत असूनही कबूल करतो.

चकचकीत कोरा पत्रा ऊन परतवतो म्हणून तो थंड असेल असा समज आहे. ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेला पत्रा (वजनाने 55 टक्के ॲल्युमिनियम, सुमारे 43 टक्के जस्त, बाकी थोडं सिलिकॉन) नवा असताना ऊन बऱ्यापैकी परतवतो, नाही असं नाही. पण जेवढं शोषतो तेवढं सोडत नाही. उष्णता उत्सर्जित करण्याची त्याची क्षमता 0.3 च्याही खाली, आणि साध्या रंगवलेल्या पृष्ठभागाची 0.85-0.9. म्हणून चकाकता पत्रा दुपारी हात लावू देत नाही, आणि रंगीत थराचा फिका पत्रा त्या मानाने बरा असतो. 2017 च्या संहितेने थंड छतासाठी परावर्तनाबरोबर 0.9 उत्सर्जन मागितलं ते याचसाठी.

इंदूरला तर हा मुद्दा इतर बऱ्याच शहरांपेक्षा जास्त लागू आहे. शब-ए-मालवाचं, म्हणजे मालव्यातल्या गार रात्रीचं, कौतुक आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. ते होतं कशामुळे? समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरचं पठार, कोरडी हवा, निरभ्र आकाश. सूर्य मावळला की जमीन, झाडं, छपरं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि वाऱ्याला गारवा येतो. चांगल्या उत्सर्जनाचं छत रात्रभर हेच काम फुकटात करतं. कोरा पत्रा ते करत नाही. निसर्गाने दिलेली रात्र वापरायची तर पृष्ठभाग तसा हवा, आणि गोदामाला रात्री हवा खेळवणारी रिज-व्हेंट (छताच्या माथ्यावरची हवेची फट) हीही हवी. दिवसभराची ऊब रात्री बाहेर घालवली की सकाळच्या पाळीला पंख्यांवर भागतं.

जुन्या इंदुरातली कवेलूंची छपरं हेच करायची. एकावर एक दोन थर, मधून हवा, कौल फुटलं तर तेवढंच बदलायचं. व्यापारी इमारतीला आता ती परवडणार नाहीत आणि माकडांनी ती राहूही दिली नसती. पण उतरत्या छोट्या छतांसाठी, पोर्चसाठी, कॅन्टीनसाठी भाजलेली कौलं वापरायला काय हरकत आहे?

पफ पॅनेलबद्दल दोन प्रश्न टेंडरमध्ये नक्की विचारा. फोम फुगवायला कोणता वायू वापरला? ओझोनला घातक असलेला एचसीएफसी-141बी भारताने 1 जानेवारी 2020 पासून बंद केला, पण त्याच्या जागी आलेले सगळेच पर्याय हवामानाच्या दृष्टीने सारखे नाहीत. पेंटेनवर किंवा पाण्यावर फुगवलेला फोम आणि जास्त तापमानवाढ करणाऱ्या एचएफसीवर फुगवलेला फोम एकाच भावात एकाच नावाने विकले जातात. दुसरा प्रश्न आगीचा. वर सौर पॅनेल, डीसी वायरी, खाली जळणारा फोम आणि त्याखाली कापडाचं गोदाम, ही जुळणी कुणी एका कागदावर तपासली आहे का? जिथे शंका असेल तिथे रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) घ्या. जाडी थोडी वाढेल. वाढू द्या.

ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे भारतात अजून कायदेशीर आहेत, जगातल्या साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केला असूनही. मुख्य इमारतीला ते कुणी लावत नाही. पण मागची सायकल स्टँड, जनरेटरची शेड, मजुरांच्या खोल्या? प्रमाणपत्राची सीमारेषा तिथे येऊन थांबते, धूळ थांबत नाही. दुरुस्तीसाठी त्याला ड्रिल मारणारा हेल्पर आमच्याचकडचा असतो.

हिरव्या गच्चीविषयी माझं मत कडू आहे. रेंडरमध्ये, म्हणजे बांधण्याआधीच्या संगणकी चित्रात, ती फार सुंदर दिसते. हैदराबादच्या गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरचं उदाहरण सगळे देतात. 2003 मध्ये ती अमेरिकेबाहेरची पहिली लीड प्लॅटिनम इमारत ठरली आणि तिच्या छतावर खरोखर बाग आहे. पण ती सांभाळणारी माणसं तिथे नेमलेली आहेत. इथे मात्र बऱ्याच ठिकाणी पहिल्या पावसाळ्यात हिरवळ, दुसऱ्या एप्रिलमध्ये वाळकं गवत आणि तिसऱ्या वर्षी नुसती ओली-सुकी माती, जिच्याखाली मुळं मेंब्रेन शोधत असतात. दहा सेंटिमीटर मातीचा भिजलेला थर दर चौरस मीटरला शंभर-दीडशे किलो भरतो. ते स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आधीपासून हवं. आणि पाणी? वर सांगितलं तेच. नर्मदेच्या पाण्यावर जगणाऱ्या गच्चीला हिरवी म्हणवत नाही. एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी गच्चीपर्यंत नेणारी वेगळी लाइन, मूळरोधक थर आणि पाच वर्षांचा माळी करारात असेल तरच बाग करा. नाहीतर तेवढ्या जागेत सौर पॅनेल लावा.

सौर पॅनेलचं म्हणाल तर एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते, पॅनेल सावली देतात ती वर, आणि खालची गच्ची थंड व फिकी असेल तर पॅनेलही कमी तापतात. सिलिकॉन पॅनेलची क्षमता दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने घटते. फक्त एक करा. पॅनेलच्या पायांचे चौथरे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या. इमारत पूर्ण झाल्यावर सोलरवाला ड्रिल घेऊन येतो आणि तुमच्या दहा वर्षांच्या वॉरंटीला दुपारपर्यंत चाळीस भोकं पडतात. पत्र्याच्या छतावर उभ्या सांध्याचा पत्रा घेतला तर क्लॅम्पवर काम भागतं, भोक लागतच नाही.

आता मागणं. कन्सल्टंट मंडळींना : तीन वर्षांनंतरचा एसआरआय नसेल तर तो माल फाइलमध्ये घेऊ नका. नियम सवलत देतो म्हणून ती घेतलीच पाहिजे असं नाही. बिल्डरांना : हँडओव्हरच्या कागदांत गच्चीचा थरांसह छेद, प्रत्येक थराची जाडी, बॅच आणि फोटो, पाणी कोंडून घेतलेल्या चाचणीचा अहवाल द्या. गच्चीवर जायला नीट जिना आणि धुण्यासाठी एसटीपीच्या पाण्याचा एक नळही द्या. हा नळ नसल्यामुळे किती पांढऱ्या गच्च्या काळ्या झाल्या, ते देखभालीतल्या कुणालाही विचारा. आर्किटेक्टांना : तिसऱ्या वर्षी मे महिन्यात एकदा परत या. पायरॅनोमीटर (ऊन मोजणारं उपकरण) आधी आकाशाकडे धरायचा, मग उलटा गच्चीकडे. दुसरा आकडा भागिले पहिला, म्हणजे त्या क्षणीचं परावर्तन. निरभ्र दुपारी अर्ध्या तासाचं काम आहे.

ज्या जुन्या इमारतींकडे इन्सुलेशनला पैसा नाही, त्यांना कुणी महागडं कोटिंग विकू नये ही आणखी एक विनंती. दरवर्षी मार्चअखेर चुन्याचे दोन हात पुरेत. पावसात तो धुऊन जातो, आणि तेव्हा त्याची गरजही नसते. पुढच्या मार्चला पुन्हा. अहमदाबादने 2017 पासून गरीब वस्त्यांतली छपरं चुन्याने पांढरी केली. मात्र पाऊसपाणी साठवत असाल तर पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायची व्यवस्था ठेवा.

महापालिकेच्या नगररचना विभागाला हे पत्र पोचलं तर त्यांनाही सांगायचं आहे. तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये कूल रूफ धोरण आणून सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केलं. स्वच्छतेत पहिला नंबर टिकवायला इंदूरने घरोघरच्या कचऱ्याचं सहा प्रकारांत वर्गीकरण करून दाखवलं, दर दिवशी, तपासणीसह. तशीच तपासणी व्यापारी गच्च्यांची तिसऱ्या वर्षी व्हावी, आणि ती पास झाल्याशिवाय हरित इमारतीच्या नावाखाली दिलेली कोणतीही सवलत पुढे चालू राहू नये. मोजायला माणूस नसेल तर आम्हा देखभालवाल्यांना बोलवा. उपकरण भाड्याने मिळतं, गच्चीची किल्ली आमच्याकडेच असते.

कळावे,

आपला,
इंदूरमधल्या एका व्यापारी संकुलाचा देखभाल व्यवस्थापक